आमची वाटचाल : पाचवडची रिंग आणि एक निळी पॅचकॉर्ड

मावसभाऊ आणि मी, दोघांनी केबल टीव्हीपासून सुरुवात केली. पुढे नेट, मग फायबर. ती वर्षं या धंद्यात सगळ्यांची सारखीच, म्हणून सोडून देतो. वाई, सुरूर, भुईंज, पाचवड आणि परत वाई ही फायबरची रिंग (एक बाजू तुटली तर ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने फिरवणारा गोल) मात्र आम्ही स्वतः खांबांवर चढून पुरी केली, हे लिहायला संकोच नाही.

मग ऊस सुरू झाला. ट्रॉली उंच भरली की वाई-पाचवड रस्त्यावरची केबल तिला अडकून तुटायची. तुटू दे, ट्रॅफिक सुरूर-भुईंजवरून फिरणार, रिंग असते कशाला? पण पाचवडचे फोन यायचेच : "नेट आहे, पण चालत नाही." आम्ही स्प्लायसर (फायबर जोडायचं यंत्र) घेऊन धावायचो, कोर, म्हणजे केबलमधला काचेचा धागा, जोडायचो, ट्रॅफिक मूळ वाटेवर यायचं, तक्रार बंद. आठवड्याने पुन्हा तेच. तोवर समोरच्या पार्टीची, म्हणजे दुसऱ्या नेटवाल्याची, पोरं घरोघर सांगत होती, "यांची लाइन उसाबरोबर बसते." 41 कनेक्शन गेली. त्यात आमचे पाहुणेही होते.

पाचवडच्या स्विचवर (लाइनी जोडून ट्रॅफिक वाटणारा डबा) भुईंजकडच्या पोर्टला सीआरसी (बिघडून आलेल्या डेटा-पाकिटांची मोजणी) चढत होते. आम्ही पाचवडचा एसएफपी, म्हणजे पोर्टात बसणारा, प्रकाश पाठवणारा-घेणारा तुकडा, बदलला. मग कर्ज काढून स्विच बदलला. भुईंजच्या पोर्टवर चुका शून्य, म्हणून तिकडे फिरकलोच नाही. घोडचूक! सीआरसी मोजतो तो घेणारा. त्याचा एसएफपी बदलूनही आकडा चढत असेल तर पाठवणाऱ्याचं टोक बघा, नाहीतर मधली वाट.

कोडं सुटलं ते पाचवडच्या पतसंस्थेतल्या काकांमुळे. समोरच्या पार्टीने फुकट राउटर देऊ केला तरी हा माणूस हलला नाही. जुन्या खतावणीच्या मागच्या पानांवर त्यांनी नेट मंदावल्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, लाल शाईने, डाउनलोड आणि अपलोडचे रकाने आखून. अपलोड दरवेळी ठीक, म्हणजे बिघाड पाचवडकडे येणाऱ्या वाटेवरच. आणि वेळा आमच्या केबल तुटण्याच्या वेळांशी जुळणाऱ्या. म्हणजे भुईंज-पाचवड तुकडा आधीपासूनच आजारी होता. एरवी रिंगचा ब्लॉक, म्हणजे ट्रॅफिक गोल गोल फिरू नये म्हणून बंद ठेवलेली जागा, तिथेच, ट्रॅफिकच नाही, मग चुका दिसणार कुठून?

भुईंजचा बॉक्स उघडला. पाचवडकडे पाठवणाऱ्या कोरवर हिरव्या अडॅप्टरमध्ये निळी पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी फायबर वायर). हिरव्यातलं टोक तिरपं घासलेलं, निळ्याचं सरळ, मधे हवेची फट. पाचवडला उणे 15 यायचा तिथे प्रकाश उणे 21 डीबीएम (प्रकाशाच्या जोराचं माप, उणे आकडा वाढला की प्रकाश कमी). आमच्या एलएक्स जातीच्या एसएफपीची प्रकाश घ्यायची हद्द उणे 19. तरी लिंक अप, दिवा हिरवा! साधा पिंग (लाइन तपासायचं छोटं पाकीट) जायचा, 1472 बाइटचा मोठा गळायचा. ती कॉर्ड कोणी लावली होती? मीच. पावसात, रात्री अकराला, मोबाइलची बॅटरी तोंडात धरून.

नव्या पोरांना सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. चुकांचा काउंटर शेवटचा कधी क्लिअर झाला ते आधी बघा, नाहीतर वर्षभराचा आकडा आजचा समजाल. क्लिअर करा, दहा मिनिटांनी परत वाचा, वेळेसकट वहीत लिहा. ट्रॅफिकच्या आलेखाला 64 बिटचाच बाइट मोजणारा काउंटर लावा. 32 बिटचा भरलेल्या गिगाबिट लाइनवर 34 सेकंदांत गोल फिरून परत शून्यावर येतो. आणि महिन्यातून एकदा, रात्री, चांगली बाजू मुद्दाम पाडून राखीव बाजूवर ट्रॅफिक सोडा. टोकं पुसायचा पेन खिशात ठेवा, शर्टाला पुसू नका.

41 पैकी 17 परत आले. बाकीचे लग्नाकार्यात भेटले की अजून विचारतात, "काय, ऊस सुरू झाला का?"