आडवे, उभे आणि बाबा

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय मी अंघोळीला जात नाही. ही सवय लग्नापेक्षा चार वर्षांनी जुनी आहे आणि बायकोने ती माझ्यासकट पदरात पाडून घेतली आहे. कोडं मी थेट पेनाने सोडवतो. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसणाऱ्यांना मी मनातल्या मनात कच्चं लिंबू समजत आलोय. एवढी फुशारकी सुरुवातीलाच मारून घेतो, कारण पुढे ती मारायला जागा राहणार नाही.

लेक बंगळुरूला नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली आणि जाताना माझ्या लॅपटॉपवर एक गेम टाकून गेली. नाव 'बाबा इज यू'. मला वाटलं, माझी टर उडवतेय. "खरंच तसं नाव आहे रे," ती म्हणाली. "बाबा म्हणजे तूच."

गेम फिनलंडचा. आर्वी तेइकारी नावाच्या गृहस्थांनी केलेला, 2019 साली बाजारात आला. त्यातला बाबा म्हणजे पांढरं, दोन कान वर केलेलं, चार पायांचं काहीतरी. ससा म्हणावा तर ससा नाही, मेंढरू म्हणावं तर तेही नाही. बायकोने मागून डोकावून विचारलं, "हे पांढरं कोण?" मी म्हटलं, "मी." तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कुकर लावायला गेली.

गंमत अशी, की या खेळात नियम पाटीवर लिहून टांगलेले नसतात. ते पटावरच पडलेले असतात, शब्दांचे ठोकळे होऊन. 'वॉल', 'इज', 'स्टॉप' असे तीन ठोकळे ओळीने असले की भिंत अडवते. बाबाने जाऊन 'स्टॉप'ला खांदा लावला आणि ओळीतून बाहेर ढकललं की वाक्य मोडतं, आणि मघाशी नाक आपटत होतं त्या भिंतीतून बाबा धुक्यातून गेल्यासारखा आरपार जातो. 'फ्लॅग इज विन' असेल तर झेंड्याला शिवलं की जिंकलात. 'रॉक इज विन' जुळवता आलं तर खडकाला शिवा. आणि चुकून 'बाबा इज यू' हेच वाक्य मोडलंत तर तुम्ही कुणीच उरत नाही. संगीत थांबतं, बाबा उभा तसाच, बाणांची बटणं कितीही दाबा. मग झेड दाबून एक पाऊल मागे यायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला ही सोय फार आवडली.

(हा खेळ मराठीत झाला असता तर? आपलं 'आहे' शेवटी येतं, तेही अनेकदा आपण गिळून टाकतो. 'भिंत अडते' की 'भिंत अडवते' यावरच पहिली लेव्हल अडली असती.)

मूळ खेळात दोनशेच्या वर लेव्हल्स आहेत. त्यातल्या साठेक सुटल्यावर मी अडकलो आणि लेकीला फोन केला, तेव्हा तिने दुसरंच दार दाखवलं. 2021च्या नोव्हेंबरात या खेळात लेव्हल बनवायचं साधन आलं. आपण पट मांडायचा, ठोकळे ठेवायचे आणि तयार लेव्हल वर चढवली की आठ अक्षरांचा एक कोड मिळतो, चार, मध्ये आडवी रेघ, पुन्हा चार. तो कोड ज्याच्या हाती जाईल त्याला आपली लेव्हल उघडता येते, मग तो हेलसिंकीत असो की हडपसरला. "तू आयुष्यभर लोकांची कोडी सोडवलीस," लेक म्हणाली, "एकदा घालून बघ."

या हौसेला वंशावळ आहे, हे मला मागाहून कळलं. ढकलाढकलीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'सोकोबान', जपानी अर्थ गोदामाचा रखवालदार. 1982 साली आला. रखवालदाराने खोकी ढकलून नेमल्या जागी लावायची. खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही, एवढा एकच नियम, आणि तेवढ्यावर माणसाच्या रात्री जातात. खोकं एकदा कोपऱ्यात गेलं की गेलं. ज्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या चिंचोळ्या जिन्यातून गोदरेजचं कपाट वर नेलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

सोकोबानची लेव्हल साध्या टंकलेल्या अक्षरांत मावते, हे तिचं भाग्य. हॅश म्हणजे भिंत, डॉलर म्हणजे खोकं, टिंब म्हणजे ते ठेवायची जागा, आणि इ-मेलच्या पत्त्यातला ॲट म्हणजे आपला रखवालदार. दहा-बारा ओळींत आख्खं गोदाम. मजकूर जिथे जाईल तिथे लेव्हल जाते. त्यामुळे लोकांनी हजारो रचल्या, एकमेकांना पाठवल्या, आजही पाठवतात. मी एक तशी कागदावर उतरवून पाहिली. दुरून किराण्याच्या यादीवर कुणी रागाने रेघोट्या माराव्यात तशी दिसली. जवळून पाहिल्यावर ॲटची दया आली.

त्याच सुमाराचा अमेरिकेतला 'लोड रनर' 1983चा. दीडशे लेव्हल्स आणि सोबत स्वतःची लेव्हल रचायचं साधन. लोकांनी त्यावर इतकी हौस भागवली, की पुढच्याच वर्षी आलेल्या 'चॅम्पियनशिप लोड रनर'च्या पन्नास लेव्हल्ससाठी खेळाडूंनी रचलेला माल कामी आला. म्हणजे गिऱ्हाइकानेच पीठ आणून दिलं आणि गिरणीवाल्याने त्याच्या पोळ्या विकल्या. पण कुणी कुरकुरल्याचं ऐकिवात नाही. आपली लेव्हल दुसरा कुणी खेळतोय, यातच बहुधा पैसे फिटले असावेत.

तर मी लेव्हल रचायला बसलो. पहिल्या रात्रीत कळलं, की अवघड लेव्हल करणं सोपं असतं. दहा भिंती घाला, पंधरा खडक टाका, झालं अवघड. शब्दकोड्यातही 'नेपाळमधील एक नदी' असं विचारून कुणीही कुणालाही गारद करू शकतो. खरी मेहनत वेगळीच. सोडवणारा आधी कुठे बघेल, तिथे त्याला काय खोटं खोटं सुचेल, किती वेळ तो त्या नादात राहील, आणि मग कोणत्या क्षणी 'अरे हत्तीच्या!' म्हणत कपाळावर हात मारेल, हे सगळं त्याच्या गैरहजेरीत, त्याच्या डोक्यात बसून बघायचं. माझ्या डोळ्यांसमोर अर्थातच लेक होती. ती घाई करते. जिन्यावरून उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या कधी उतरलीच नाही, उडीच मारली. तिच्या घाईवर मी सापळा लावला.

पट असा मांडला. उजवीकडे भिंतींची बंद खोली, आत झेंडा. खोलीला एकच तोंड, त्यात पाणी, आणि 'वॉटर इज सिंक', म्हणजे जे पाण्यात जाईल ते बुडेल आणि पाणीही सोबत नेईल. एक खडक, त्याला ढकलत लांबून वळसा घालून पाण्यात टाकायचा की वाट मोकळी. सरळ मार्गाने नेला तर खडक कोपऱ्यात अडकतो. ती तिथेच अडकणार, माझी खात्री. 'वॉल इज स्टॉप' हे वाक्य मात्र पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, काठाला टेकवून बसवलं. तिथून ते हलवता येत नाही. वर काठ, डावीकडे काठ, ढकलणार कुठे? या युक्तीवर मी इतका खूश झालो, की उठून पाणी प्यायलो. 'रॉक इज पुश' तेवढं मोकळ्यावर ठेवलं. ते कोण मोडेल? मोडलं तर खडक ढकलता येणार नाही, आपलंच नुकसान. चार संध्याकाळी गेल्या. शेवटी स्वतः तीनदा सोडवून पाहिली, लेव्हल चढवली आणि आठ अक्षरं तिला व्हॉट्सॲपवर धाडली.

चार मिनिटांत फोन आला.

"बाबा, चीज केलं मी."

मला वाटलं, म्हणतेय, तुझ्या कष्टाचं चीज झालं. ऊर भरून आला. मग कळलं, खेळणाऱ्यांच्या बोलीत चीज म्हणजे ते खायचं चीज. रचणाऱ्याने योजलेली वाट टाळून, भलत्याच फटीतून पलीकडे जाणं. तिने खडकाला हातही लावला नव्हता. 'रॉक इज पुश' मोडून त्यातला 'इज' आणि 'रॉक' घेतला आणि दोन्ही ठोकळे ढकलत नेऊन कोपऱ्यातल्या 'वॉल'च्या खाली एकाखाली एक लावले. या खेळात वाक्य डावीकडून उजवीकडे वाचलं जातं तसं वरून खालीही वाचलं जातं. वॉल, इज, रॉक. क्षणात पटावरच्या साऱ्या भिंतींचे खडक झाले. खडकाला आता कुठलाच नियम लागू नाही, कारण तो तिनेच मोडला होता. बाबा खडकांवरून चालत आत गेला आणि झेंड्याला शिवला.

मी आडवं वाक्य बघितलं होतं. उभं बघितलं नव्हतं. दर रविवारी 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' असे दोन रकाने घेऊन बसणारा मी. पेनाने!

"पण हे लय भारी आहे," ती म्हणत होती. "तू जी वाट ठेवली होतीस ती मग बघितली. ती पण छान आहे. थोडी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोलीसारखी."

त्या रात्री झोप येईना म्हणून या चीजप्रकरणाचा माग काढत गेलो आणि 'सुपर मारिओ मेकर'पाशी पोचलो. तो काही कोड्याचा खेळ नव्हे, उड्यांचा. पण त्यातही लोक लेव्हल्स रचून चढवायचे, 2015पासून. तिथे एक नियम होता: स्वतः पार केल्याशिवाय लेव्हल चढवता येत नाही. म्हणजे कितीही राक्षसी असली तरी ती एका माणसाच्या हातून सुटली आहे, याची हमी. 2021मध्ये नव्या लेव्हल्स घेणं थांबलं आणि 8 एप्रिल 2024ला ऑनलाइन सेवाच बंद होणार असं ठरलं. तेव्हा काही खेळाडूंनी विडा उचलला होता, की दिवे मालवायच्या आत जी जी लेव्हल रचणाऱ्याखेरीज कुणालाच सुटली नाही, ती ती सोडवायची. हजारो सोडवल्या. शेवटी एक उरली, काही सेकंदांचीच, आणि ती कुणालाच जमेना. मार्चमध्ये तिच्या कर्त्याने कबूल केलं, की ती आपणही हाताने पार केली नव्हती, यंत्राकडून बटणं दाबून घेतली होती. म्हणजे हमीच खोटी. तरी लोक थांबले नाहीत, आणि सेवा बंद व्हायला अवघे काही दिवस असताना एकाने ती हाताने पार केली.

मी पलंगावर उठून बसलो. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "सुटली." तिने विचारलं नाही काय ते. एवढ्या वर्षांत ती शहाणी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्याखालची फट बुजवायला बसलो. दोन ठोकळ्यांचं काम. लेकीला कळवलं तर म्हणाली, "नको ना, तशीच राहू दे. नवी कर हवं तर." मग तशीच ठेवली. नवी अजून जमलेली नाही. तिची मात्र आली, परवा रात्री, जेवताना. लेव्हलचं नाव 'आडवे उभे'. उघडली तर बाबा भिंतींनी बंद केलेल्या चौकटीत आणि 'बाबा इज यू' पलीकडच्या कोपऱ्यात, पोचता येणार नाही असं. काल तिने विचारलं, "हिंट देऊ?" मी नको म्हटलं. कोडची आठ अक्षरं दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.