नाना फडणवीसांची मेणवली

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. गेलात तर नानांच्या वाड्यात शिरण्याआधी घाटावर उतरा, असं मी आवर्जून सांगेन. खालच्या पायरीवर उभं राहून वर पाहिलं की लक्षात येतं: वाडा, देवळं आणि कृष्णामाई यांचा एकत्रच विचार करून हे सगळं बांधलंय.

घाट चंद्रकोरीसारखा. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या सलग वळत पाण्यात उतरतात. काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली भलीमोठी घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी उठावात दिसते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. भीमाशंकरची आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्याच मोहिमेतली. इथे शंकराच्या दारात मेरी तशीच राहिली, कुणी घासून काढली नाही. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळालं, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडून. वाडा १७८० च्या आसपासचा. बाहेरून उंच, गढीसारखी भिंत. आत एकामागून एक सहा चौक. सागवानी खांब, जाडजूड तुळया, भिंतीत कोनाडे, आणि जाड भिंतींमुळे भर दुपारीही गारवा. नानांच्या निजायच्या खोलीत त्यांचा पलंग आहे. भिंतींवरची जुनी चित्रं मात्र पुसट होत चालली आहेत, त्यांची काळजी तातडीनं घ्यायला हवी. मागच्या दारानं बाहेर पडलं की थेट घाट.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आता वाड्यात नाही: नानांचं दप्तर. पेशवाईचा कारभार ज्या माणसाच्या हातात होता, त्याची मोडीतली पत्रं, हिशेब, बातमीपत्रं इथे जपलेली होती. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई अगदीच लहान. दुसऱ्या बाजीरावानं मालमत्ता जप्त केली, पुढे इंग्रजांच्या मध्यस्थीनं मेणवली जिऊबाईंना परत मिळाली आणि त्या इथेच राहिल्या. वाडा टिकला, म्हणून कागदही टिकले. नंतर इतिहास संशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी ते मिळवले, आणि आज मेणवली दप्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अभ्यासकांना पाहता येतं.