पान्याची चकाकी

हार्डवेअरच्या दुकानात पान्यांचा सेट उघडला की नजर आधी चकाकीवर जाते. 8-9, 10-11, 12-13 (दोन तोंडांची मापं, मिलिमीटरमध्ये) अशी ओळीने लावलेली जोडपी आणि प्रत्येकात दुकानाची ट्यूबलाइट उतरलेली. शेजारी मॅट क्रोमचा सेट असला तर तो अंगाला राख फासून बसल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाला वाटतं, याला क्रोम कमी लागलंय.

क्रोम दोन्हीकडे सारखंच नाममात्र असतं: साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर हिशेब करून बघा. इतक्या पातळ थराला स्वतःचं रूप कुठून असणार? खाली जे असेल तेच तो दाखवतो. खाली निकेल, त्याच्याखाली पोलाद. चकचकीत पाना हवा तर पाणी दिलेलं (तापवून कडक केलेलं) पोलाद आधी घासायचं, मग क्रमाने बारीक होत जाणाऱ्या बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकांवर) धरायचं आणि नंतर ब्राइट निकेलच्या टाकीत सोडायचं. मॅट हवा तर त्याच पोलादावर वाळूचा किंवा काचेच्या बारीक मण्यांचा मारा करायचा, नाहीतर निकेलच सॅटिनचं चढवायचं. उजेड विखुरतो, आरसा होत नाही.

म्हणजे चकाकी ही बफवाल्याची मजुरी. ती वाचवली की चहाडी लगेच होते. पाना ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि दांड्यावरची उजेडाची रेघ बघा. सरळ असेल तर घासणं नीट झालंय. पाण्यातल्या सावलीसारखी हलत असेल तर खाली खळगे तसेच ठेवून वर निकेल ओतलंय. उलट जास्त बफ मारलेल्या पान्याच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात, नंबरही पुसट. मॅट फिनिश असली पापं पोटात घालतं. म्हणून स्वस्तातला मॅट पाना घेताना दांड्यापेक्षा त्याचं तोंड आणि नंबरांची धार नीट बघावी.

वापरात मात्र माझं मत मॅटकडे झुकतं. बॉनेटखाली हँडलॅम्प लावून काम करताना चकचकीत पाना नेमकी डोळ्यांत तिरीप मारतो. हत्यारं बनवणाऱ्या कंपन्यांत जर्मनीची श्टालविले मॅटवर भर देते, अमेरिकेची स्नॅप-ऑन आरशासारख्या पान्यांसाठी ओळखली जाते. दोन्हीकडचे मेकॅनिक आपलंच खरं म्हणून भांडतात. चकचकीतवाल्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे: ग्रीस एका फडक्यात निघतं. मॅटच्या खरबरीतपणात ते काळं होऊन बसतं, रॉकेलचा बोळा दोनदा फिरवावा लागतो.

गंजाला फिनिशपेक्षा निकेलची जाडी अडवते. क्रोमला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. त्यातून ओल निकेलपर्यंत जाते, निकेल पातळ असलं की पोलाद गाठते आणि थराखाली फुगवटा येतो. तो फुटला की पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. असा पाना हौसेने वापरू नये. कोकणात पावसाळाभर पाने उघड्यावर टांगले तर हे लवकर घडतं, आणि मॅटच्या खळग्यांत घामाचं मीठ जास्त टिकतं. पुसून, कोरडे करून, मशीन ऑइलचा हलका हात द्यावा. गंज काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड तर मुळीच नको, ते क्रोमच खातं.

(हवेच्या दाबाने ठोके देत नट फिरवणाऱ्या न्यूमॅटिक गनच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, काळ्या का, याचं उत्तरही हेच: त्या ठोक्यांखाली क्रोमचे पापुद्रे उडतील.)

दोन-तीन वर्षं वापरलेला मॅट सेट पुन्हा उघडून बघा. 10-11चा दांडा मधोमध तळहाताने घासून घासून चकाकायला लागलेला असतो. 20-22 अजून तसाच, राख फासलेला.