मुक्कामी गाडीतले आबाजी

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट, त्यापुढे आधार दाखवायचं आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. तेव्हा आम्हा कंडक्टर लोकांत कुरकुर झाली, की आता म्हातारे बिनकामाचे फिरणार. फिरलेही. माहूर, शेगाव, पंढरपूर, लेकीचं गाव. फिरू द्या ना! जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेली माणसं. पण एक आबाजी मात्र कुठेच पोचायचे नाहीत आणि रोज गाडीत असायचे.

माझ्याकडे तेव्हा केळापूर तालुक्यातल्या एका गावची मुक्कामी होती. संध्याकाळी पांढरकवड्याहून निघायचं, रात्री गावात गाडी लावायची, पहाटे कॉलेजची पोरं भरून परत. आबाजी संध्याकाळी पांढरकवड्याला चढत आणि पहाटे पुन्हा त्याच गाडीने निघत. मधला दिवस कुठे जातो ते घाटंजी आणि वणीच्या गाडीवरच्या वाहकांकडून कळलं. त्यांच्या मशीनमध्येही ह्यांचं शून्याचं तिकीट रोज फाटत होतं.

डिसेंबरातली रात्र. गावात गाडी लावली, सगळे उतरले, आबाजी मागच्या लांब सीटवर घोंगडी गुंडाळून बसलेले.

"आबाजी, उतरा. गाव आलं."

"गाव आलं हे मले मालूम हाय. उतरून जाऊ कुठी, थे सांग."

एरवी ते मारुतीच्या पारावर झोपायचे. त्या दिवशी सप्ताहाचा मांडव पडला होता आणि पारावर भांडी रचलेली. रात्री गाडीत प्रवासी ठेवता येत नाही. चालक माझ्याकडे बघून म्हणाला, "मी काही पाहिलं नाही." दार ओढून घेतलं आणि आम्ही ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायला गेलो.

पहाटे त्यांनी मला घर दाखवलं. पुढची भिंत उभी, चौकट उभी, दाराला कुलूप. मी बाजूने वळलो तर कुडाची भिंत आणि कवेलू सगळं आत कोसळलेलं, त्यावर कोणाची तरी बकरी. आबाजींनी करगोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दारातून आत गेले, चुलीपाशी ठेवलेला तांब्या घेतला, बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावलं. मी हसलो नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच.

घर पडलं होतं जुलैच्या झडीत. त्या आठवड्यात आबाजी बहिणीकडे होते. पंचनाम्याला आलेल्यांनी कुलूप पाहिलं आणि 'घर बंद, वापरात नाही' असं लिहून मोकळे झाले. नुकसानीची मदत हातची गेली.

दहाच्या फेरीला ग्रामसेवक चढले. मुख्यालयी राहायचा नियम असला तरी आमच्याकडचे बरेच साहेब लोक अपडाउनच करतात, आणि खरं सांगू, त्या दिवशी मला ते सोयीचं पडलं. गाडी अर्धी रिकामी होती. मी विषय काढला. ग्रामसेवक म्हणाले, "घरकुलाच्या ड यादीत नाव कसं येणार? नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, पुतण्याचं नाव आहे." आबाजींना मूलबाळ नाही. बायको गेल्यावर त्यांनी तीन एकर वावर आणि घर, दोन्ही पुतण्याला बक्षीसपत्राने दिलेलं. पुतण्या बुटीबोरीला कंपनीत. वावर ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला, दिलेलं. त्याचे पैसे तिकडे, आबाजी इकडे. पदरात श्रावणबाळचे महिन्याला १,०००. ते जुलै २०२३ पासून १,५०० झाले, पण त्यात भाड्याची खोली कोण देतो, तीही खेड्यात?

शाळेच्या बाई म्हणाल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी वृद्धाश्रम आहे, मी बोलते. बाईंचा जीव चांगला, त्या खरंच बोलल्या. आबाजी जाऊनही आले. आठवडाभरात परत. "जेवण टायमावर भेटे गा," मला म्हणाले, "पण कपाशीले बोंडअळी आली का, हे इचारायले कोणी नाई." लोक याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणतात. मला तसं वाटत नाही. गावात एक दिवस ते पारावर दिसले नाहीत तर चार जण चौकशी करतात. ही सोय कुठल्याच आश्रमाच्या वहीत लिहिलेली नसते.

कामाची गोष्ट सांगितली ती तहसीलमधून निवृत्त झालेल्या एका बाबूंनी, माझ्या शेजारच्या सीटवरून, पेपरातून डोकं न काढता. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा फक्त पोटच्या पोरांपुरता नाही. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाकडे म्हाताऱ्याची मालमत्ता आहे त्याच्याकडूनही निर्वाह मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साध्या कागदावर. वकील लागत नाही. महिन्याला १०,००० पर्यंत. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कलमात आहे. बक्षीसपत्रात 'सांभाळ करीन' अशी एक ओळ असती तर कलम २३ खाली पत्रच रद्द करायला मागता आलं असतं. ती ओळ नव्हती. आपल्याकडे कोण लिहितं? पुतण्याला अट घालायची म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं होतं.

आबाजी तयार नव्हते. "आपल्याच मानसावर केस टाकू?" सरपंचांनी समजावलं, बहिणीने समजावलं, शेवटी बहिणीच्या रागाला भिऊन त्यांनी अंगठा दिला.

नोटीस गेल्यावर पुतण्या आला. मला वाटलं होतं भांडण होईल. त्याने पांढरकवड्याहून टेम्पोत टिना आणल्या, दोन दिवस थांबून घरावर चढवल्या, काकाशी चार शब्द बोलला नाही, जेवला शेजारच्या घरी. साहेबांपुढे महिन्याला दोन हजार कबूल केले आणि घराची जागा आबाजींच्या नावावर करून दिली. वावर सोडलं नाही.

जागा नावावर आल्यावर पुढच्या सर्व्हेत घरकुलासाठी नाव गेलं. प्रधानमंत्री आवास योजनेत १,२०,००० मिळतात, तेही हप्त्याने. पाया झाला की पुढचा, भिंती झाल्या की त्यापुढचा. ऐंशीच्या घरातला माणूस मिस्त्रीमागे कसा धावणार, हा प्रश्न यादीत कुठे विचारलेला नाही. ग्रामसेवक म्हणतात मंजुरी आली की जुनं पाडावं लागेल. आबाजी म्हणतात मागच्या वाडग्यात बांधा, ह्याले हात लावू देत नाई. गेल्या महिन्यात माझ्या गाडीत हाच वाद मोहदा फाट्यापर्यंत चालला होता.