बलून पंप आणि विमानाची उंची

हृदयरुग्णाला विमानातून हलवायचे म्हटले की सगळ्यांना चिंता ऑक्सिजनची असते. मला मात्र बलून पंपातील, म्हणजे हृदयाला मदत म्हणून महाधमनीत बसवलेल्या, ठोक्यागणिक फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या फुग्यातील हेलियमकडे अधिक लक्ष द्यावेसे वाटते. केबिनमधील दाब ८,००० फूट उंचीइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश झाला, की बॉइलच्या नियमानुसार ४० मिलीलीटर वायू, जागा मिळाल्यास, सुमारे ५३ मिलीलीटर होऊ पाहतो. नवे पंप जादा वायू आपोआप सोडून फुगा पुन्हा भरतात. जुन्या यंत्रांवर हे हाताने करावे लागते. खरी मेख विमान उतरताना असते, कारण वायू कमी केलेला फुगा वाढत्या दाबाखाली आक्रसतो, पुरता फुगत नाही, आणि पडद्यावरील डायस्टोलिक (हृदय सैल पडतानाच्या) दाबाचा उंचवटा बसका होऊ लागतो. अलार्मची वाट पाहण्यापेक्षा त्या आलेखावर नजर ठेवलेली बरी. पंप बंदच पडला, तर निश्चल फुग्यावर गुठळ्या धरू नयेत म्हणून तो सिरिंजने अधूनमधून फुगवून लगेच रिकामा करतात. (श्वासनलिकेतील नळीभोवतीचा हवेने भरलेला ‘कफ’, म्हणजे छोटा फुगाही, उंचीवर असाच फुगतो, त्याचा दाब वेगळा मोजावा.) एक्मोच्या, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राच्या, पंपातून रक्त, म्हणजे द्रवच, वाहत असल्याने त्याला ही अडचण नाही, तिथे उंचीवर घटतो तो ऑक्सिजनेटरमधील ऑक्सिजनचा आंशिक दाब.