काळ्या रंगाखालचा फणस

रविवार, १ जून

टेम्पो साडेनऊला आला आणि साडेअकराला रिकामा होऊन गेलासुद्धा. दोन गाद्या, भांड्यांची तीन खोकी, पुस्तकांची सात, शेगडी आणि आजीची पत्र्याची ट्रंक. एवढाच माझा संसार. बदलीचं पत्र आलं तेव्हा घरचं एखादं लाकडी सामान पुण्याला न्यावं असं फार मनात होतं. पण रत्नागिरीच्या घरातलं कपाट भिंतीत बसवलेलं, आणि पलंग एवढा थोरला की तो खोलीतच जोडला असणार, दारातून बाहेर निघणारच नाही. बाबा म्हणाले, "राहू दे गं, तिथे नवीन घे."

कर्वेनगरातली ही जागा दुसऱ्या मजल्यावर, चारशे दहा चौरस फूट. बाहेरची खोली दहा बाय बारा. तिला लागून बाल्कनी, जेमतेम एक माणूस पाय पसरून बसेल इतकी. रात्री दिवा लावला आणि रिकाम्या भिंतींवर माझाच आवाज घुमला. फोनवर बोलताना आईलाही तो ऐकू गेला असावा. तिने दोनदा विचारलं, "जेवलीस ना?"

मंगळवार, ३ जून

ऑफिसात सगळ्यांचा सल्ला एकच : मोबाइलवरून मागव, हप्ते पाड, चार दिवसांत घर भरेल. मी असं एक टेबल चिपळूणला असताना घेतलं होतं. भुसा दाबून केलेला बोर्ड, वर लाकडाची रेघ छापलेला कागद. एका पावसाळ्यात त्याचे पाय पावासारखे फुगले, कडा सुटल्या, आणि ते दुरुस्त करता येईना, कारण त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नव्हतंच. स्क्रू काढून पुन्हा घट्ट करायला गेलं की भोकातून भुसा सांडायचा. ते टेबल कचऱ्यात टाकताना मला खरोखर वाईट वाटलं होतं. एका वर्षात मरणारी वस्तू मला पुन्हा घरात आणायची नाही.

रविवार, ८ जून

सकाळी आठलाच जुना बाजार गाठला. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, कुंभारवेशीच्या बाजूला. रस्त्याकडेला ताडपत्र्या पसरलेल्या. त्यांवर पितळी कुलपं, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पाने, पकडी, नाणी. लाकडी सामान त्या मानाने कमी, पण शोधलं तर मिळतं. वाडे पडले, माणसं फ्लॅटमध्ये गेली, की त्यांच्या वस्तू अशा उन्हात येऊन उभ्या राहतात.

आधी एका शिसवी पाटाच्या प्रेमात पडले. कडेला बारीक वेलबुट्टी होती. उलटा करून बोटाने टिचकी मारली तर टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून पिवळसर भुकटी झरझर गळली. कीड अजून आत जिवंत आहे याची ती खूण. जड मनाने खाली ठेवला. एक किडलेली वस्तू घरात आणली तर ती दाराच्या चौकटीलाही लागू शकते.

मग ते दिसलं. तीन खणांचं ठेंगणं कपाट, कमरेएवढ्या उंचीचं, अंगावर काळ्या ऑइल पेंटचे थरावर थर. दोन मुठी होत्या, तिसरीच्या जागी सुतळी बांधलेली. मी वरचा खण पूर्ण बाहेर ओढून काढला आणि कोपरा पाहिला. समोरची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत बोटं गुंफावीत तशा खाचांनी जोडलेल्या, खिळा एकही नाही. हे मशिनचं काम नव्हे, खाचा सगळ्या एकसारख्या नव्हत्या.

"दादा, लाकूड कसलं आहे?"

"ते मलाबी ठाव नाय ताई. पन उचलून बघा की, जड हाये."

त्याने सागवान सांगितलं असतं तरी मी मानलं असतं. त्याने तसं सांगितलं नाही, म्हणून मी भावात फार ताणलं नाही. दोन हजार दोनशे. रिक्षाटेम्पोचे चारशे वेगळे.

शनिवार, १४ जून

आज सबंध दिवस बाल्कनीत. बोहरी आळीतून काल रंग उतरवायचा रिमूव्हर, लांबी (पुट्टी) लावायची पत्री, पॉलिश पेपर आणि मास्क आणला होता. पेपर तीन नंबरांचे, ८०, १२० आणि २२०. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. दुकानातल्या काकांनी बजावून सांगितलं, "ताई, जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका." कारण खरंच गंभीर आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत नव्वद भाग अशी मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्याची धूळ उडाली तर ती श्वासात जाते, खाली रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. खालच्या मजल्यावर आठ महिन्यांचं बाळ आहे. म्हणून सगळं ओलं करून खरवडलं, चिंध्या आणि खपल्या पिशवीत बांधून ठेवल्या, आणि बाल्कनी झाडली नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसली.

रिमूव्हर लावला की दहा मिनिटांत रंगाला सुरकुत्या पडतात, दुधावर साय धरावी तशा. मग पत्री आडवी धरून हलकेच पुढे न्यायची. काळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली चॉकलेटी. ज्यांनी कोणी लावले असतील त्यांनी दिवाळीच्या आधी लावले असतील, असं आपलं मला वाटलं.

आणि चॉकलेटीखाली लाकूड.

मी सागाच्या तपकिरीची वाट बघत होते. आला तो पिवळा रंग. हळदीचं बोट ओढावं तसा, मधूनच तांबूस झाक असलेला. ओलं फडकं फिरवलं तर फडक्यालाही पिवळेपणा उतरला. मी तशीच बसून राहिले. हा रंग मी लहानपणापासून पाहिलेला आहे. आजोळी, लांज्याजवळच्या घरात, मागचं दार जिथे रोज धुऊन घासलं जायचं तिथे असाच पिवळा दिसायचा, आणि वरचा भाग वर्षानुवर्षांच्या धुराने, तेलकट हातांनी गडद तांबडा-तपकिरी झालेला. फणस. कोकणात दारांना, देव्हाऱ्यांना, पाटांना फणसाचं लाकूड वापरतात. ताजं कापलं की पिवळंधमक असतं आणि उजेड खात खात वर्षागणिक गडद होत जातं. तिकडे थायलंड-ब्रह्मदेशाकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं या लाकडाच्या रंगात रंगवायची जुनी रीत आहे. फडक्याला लागलेला पिवळा तोच.

हे कपाट कोकणातून आलं की इथेच कोणी सुताराने घडवलं, ते मला कधीच कळणार नाही. पण मी इथे, अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर, बाल्कनीत बसून त्या दारावरून हात फिरवत होते.

संध्याकाळी खण उलटे केले. प्रत्येकाच्या पोटावर सुताराच्या पेन्सिलीची खूण : 'व', 'म', 'खा'. वरचा, मधला, खालचा. अक्षर वळणदार. 'खा'ची वेलांटीसारखी शेपटी लांब ओढलेली. वरच्या खणात आत शाईचा डाग आहे, निळाजांभळा, तळहाताएवढा. कोणा लहान मुलाची दौत लवंडली असणार. त्याच्यावर पेपर घासायला घेतला आणि थांबले. बाहेरून सगळं साफ करीन, हा डाग मात्र नाही. ते मूल आज आजोबा किंवा आजी असेल.

मंगळवार, १७ जून

ट्रंक झाली. गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचा एक हात, त्यावर मोरपंखी रंग. वर गादीच्या कापडाची उशी टाकली की दोन माणसं बसतात, आत पांघरुणं मावतात. तिच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. ट्रंका गुणी असतात.

रविवार, २२ जून

पॉलिशसाठी मला लाखच हवी होती. डब्यातलं चकचकीत प्लॅस्टिकसारखं दिसणारं काही नको. शंभर ग्रॅम चपडा (शुद्ध केलेली लाख) अर्धा लिटर स्पिरिटमध्ये शुक्रवारी रात्री भिजत घातला होता. चपड्याचे पापुद्रे मधाच्या रंगाचे, उजेडात धरले तर पारदर्शक. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक अगदी बारीक किडा राहतो, त्याच्या अंगातून पाझरलेला हा राळेसारखा पदार्थ. तो गोळा करायचा, वितळवायचा, गाळायचा आणि पातळ पत्रे ओढायचे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची झळाळी याच लाखेची. लहानपणी ती भातुकली आम्ही तोंडात घालायचो.

आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आत कापसाचा बोळा. तो लाखेत बुडवून, पिळून, लाकडाच्या शिरेच्या दिशेने सलग हात मारायचा, मध्ये थांबायचं नाही. पहिल्या हाताला काहीच होत नाही. तिसऱ्या हाताला लाकूड आतून जागं झाल्यासारखं होतं. पिवळ्यात केशरी उतरलं, आणि शिरांमधले बारीक गडद ठिपके, जे आतापर्यंत दिसलेच नव्हते, वर आले.

मला थांबवेना. आभाळ भरून आलं होतं, तरी मी पाचवा हात घेतला. पाऊस कोसळायला लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या फळीवर दुधाळ धुकं पसरलं. आधी एका कोपऱ्यात, मग मधोमध. पुसलं तर जाईना. स्पिरिट झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि ओल्या हवेतलं बाष्प त्या थरात अडकून बसतं. जुने पॉलिशवाले पावसात लाखेला हात लावत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच, पण आठवडाभर नोकरी करून मिळालेला एकुलता रविवार वाया घालवायचं जिवावर आलं. रात्री त्याच्याकडे बघवेना म्हणून चादर टाकून झोपले.

बुधवार, २५ जून

सकाळी दोन तास लख्ख ऊन. ऑफिसला अर्धा दिवस उशिरा येते असं कळवलं. लाखेचा मोठा गुण असा की ती कायमची रुसत नाही. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा, अगदी जेमतेम ओला, वरून अलगद फिरवला की जुना थर पुन्हा विरघळतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. पहिल्या चार झपाट्यांत धुकं विरलं. खालून मधाचा रंग वर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

मुठी पितळेच्याच शोधल्या. दोन जुन्या, एक वेगळी. तिन्ही सारख्या नाहीत आणि मला त्या सारख्या नकोच आहेत.

शनिवार, २८ जून

तळमजल्यावरच्या आजोबांनी वेताची आरामखुर्ची देऊ केली. जिन्याखाली सहा वर्षं पडून होती, बैठक फाटून लोंबत होती. "विणून मिळत असेल तर तुझी," म्हणाले. वेतकामाचं कौशल्य आपल्याकडे अंध कारागिरांनी फार जपलं. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या त्यांच्या हातच्या. ऑफिसातल्या एकीने अशाच एका काकांचा नंबर दिला. ते घरी आले, मुलगा सोबत होता, पण काम त्यांनी एकट्याने केलं.

वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत टाकल्या. मग चौकटीच्या कडेची भोकं बोटांनी मोजली, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि मधलं भोक अंगठ्याने दाबून ठेवलं. तिथून सुरुवात. आधी उभे, मग आडवे, परत उभे, परत आडवे, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. असे सहा फेरे झाले की मध्ये अष्टकोनी जाळी उमटते. तिरक्या फेऱ्यात पट्टी एकाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जाते. मी बघताना दोनदा चुकले, त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही. एके ठिकाणी थांबून म्हणाले, "ताई, इथं चौकटीला चीर आहे. बसलात की रुंदावेल. आधी सरस भरा." मी ती खुर्ची आठवडाभर न्याहाळत होते. चीर मला दिसली नव्हती.

चहा घेताना त्यांनी हात लांबवून कपाटाच्या कडेवरून फिरवला. "लाख आहे ना? हाताला कळतं. प्लॅस्टिक गार लागतं."

वेत वाळला की आणखी ताणून बसतो, तेव्हा दोन दिवस कोणी बसायचं नाही, असं सांगून गेले.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

आई काल रात्रीच्या एसटीने आली. सोबत फणसाच्या आठळ्यांची पिशवी, कोकम, कुळथाचं पीठ, आणि "मला फोटोत काही कळत नाही" ही तक्रार. मी कपाटाबद्दल तिला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं.

सकाळी आंघोळ करून आली आणि खिचडीचं ताट घेऊन आरामखुर्चीत बसली. बसल्याबसल्या तिची नजर कपाटावर गेली. ताट खाली ठेवलं, वाकली, मधला खण उघडून त्यात नाक घातलं.

"फणस गं हा!"

"हो."

"आजीच्या मागच्या दाराचा रंग." मग बराच वेळ काही बोलली नाही. शाईच्या डागावरून बोट फिरवलं, तो कोणाचा हे विचारलं नाही.

खालचा खण पावसाने फुगून अडत होता. मी दोन आठवडे त्याच्याशी झटापट करत होते, थोडा रंधा मारावा का या विचारात होते. "रंधा कशाला मारतेस, उन्हाळ्यात सैल पडेल," म्हणत तिने देवाच्या डब्यातली मेणबत्ती मागितली. खण पूर्ण बाहेर काढला, मांडीवर उलटा घेतला आणि दोन्ही कडांना मेणबत्ती घासायला लागली, पुढे-मागे, पुढे-मागे, सुताराच्या 'खा' या अक्षराला मेण लागू न देता. मग खण परत बसवला, एका बोटाने ढकलला. सुळकन आत गेला.

"आठळ्या यात ठेवू?" तिने विचारलं.