जीपचं वरचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं

स्टेअरिंग हलतंय म्हणून कॉलमचं, म्हणजे स्टेअरिंगच्या चाकाखालच्या नळीचं आणि तिच्यातल्या शाफ्टचं, वरचं बेअरिंग बदललं आणि महिन्याभरात ते परत खडखडायला लागलं, अशी जीप समोर आली की मी आधी बेअरिंगकडे बघत नाही. कॉलम डॅशबोर्डखाली धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पकडे बघतो.

भाच्याची जीप महिंद्राची, उंच बॉनेटवाली सीजे-३बी. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली अमेरिकेत काढलं. नवं इंजिन उंचीला जास्त होतं म्हणून बॉनेट वर गेलं. महिंद्राने ते पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे बनवलं, म्हणून नाशिकच्या दिंडोरी, पेठ, हरसूलकडे अशा जीपा अजून कामाला जुंपलेल्या दिसतात. भाच्याची गाडी द्राक्षबागेत औषधाचे ड्रम आणि क्रेट वाहते. पाऊस पडून काळी माती फुगली की बाकीच्या गाड्या बांधावरच थांबतात, ही आत जाते. मला तिचं फार कौतुक आहे.

"मामा, नाशिकमधल्या द्वारकेवरून नवीन बेअरिंग आणून टाकलं, तरी परत तेच. मालच हलका आला का?"

"बेअरिंगला कशाला दोष देतोस? इंजिन बंद कर, स्टेअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धर आणि वरखाली हलव. मी खालून बघतो."

ही तपासणी फुकट आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच टाळतात. चाक हलवताना नळी जागेवर राहून आतला शाफ्ट हलत असेल, तर बेअरिंग किंवा त्याची बैठक गेली. अख्खी नळीच डॅशबोर्डखाली हलत असेल, तर क्लॅम्प ढिला. आणि चाक थोडं फिरवूनही टायर जागचे हलत नसतील, तर तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, वेगळा. तो शाफ्टच्या खालच्या टोकाच्या स्टेअरिंग बॉक्समध्ये, तिथून टायरपर्यंत जाणाऱ्या ड्रॅग लिंकमध्ये, टाय रॉडच्या एंडमध्ये किंवा पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनमध्ये शोधायचा. वरचं बेअरिंग कितीही भारी टाकलं तरी तो जाणार नाही. भाच्याच्या गाडीत शाफ्ट नळीत हलत होता.

या जीपचं स्टेअरिंग रॉस पद्धतीचं, कॅम आणि लिव्हरचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही हेच होतं. लांब पोकळ शाफ्टच्या खालच्या टोकाला बॉक्समध्ये कॅम, म्हणजे स्क्रूसारखी खाच कापलेला तुकडा, वरच्या टोकाला चाक. शाफ्टभोवतीच्या नळीच्या तोंडात वरचं बेअरिंग बसतं आणि चाकाखालची स्प्रिंग त्याला दाबून धरते. ही स्प्रिंग म्हणजे या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ती दबून मऊ झाली किंवा मागच्या कुणी मिस्त्रीने परत बसवलीच नाही, तर कोरं बेअरिंगसुद्धा पहिल्या खड्ड्यापासून वाजतं.

खोलायला सोपं आहे. बॅटरीची वायर काढा, हॉर्नचं बटण काढा. हॉर्नची वायर शाफ्टच्या पोकळीतून वर येते, तिला सुतळी बांधून ठेवा, नाहीतर ती आत सरकते. टायर सरळ ठेवून चाक आणि शाफ्टवर एका रेषेत खूण करा, मग नट. चाक निघत नसेल तर पुलर लावा. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा घालू नका. तो प्रत्येक घाव सरळ खाली बॉक्समधल्या गोळ्यांवर जातो आणि वरचं काम करता करता खालचं काम निघतं.

बेअरिंग निघालं तेव्हा त्याच्या गोळ्या ठीक होत्या. ग्रीस सुकून दगड झालं होतं, त्यात बारीक माती, पण रॉकेलने धुतल्यावर ते फिरलं. खराबी नळीच्या तोंडात होती. व्हर्निअर लावला तर एका बाजूने माप जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त. तोंड लंबगोल झालं होतं. अशा नळीत गोल बेअरिंग बसेल कसं? वर चढताना प्रत्येक जण स्टेअरिंगला लटकून अंग वर घेतो. चालक लटकतो, मजूर लटकतात, पोरं लटकतात. ते वजन वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडत आलंय.

काही जण इथे वेल्डिंगचा टाका मारतात. मला ते बिलकूल पटत नाही. उष्णतेने नळी आणखी वाकडी होते आणि पुढच्या वेळी बेअरिंग काढायला छन्नी लागते. मी अंबडच्या एमआयडीसीत निवृत्त होईपर्यंत लेथवर काम केलं. एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बारीक उताराचा लोखंडी प्लग फिरवून घेतला आणि शाफ्ट खाली काढून ठेवून तो नळीच्या तोंडात लाकडी मोगरीने हळूहळू ठोकत, फिरवत, परत ठोकत नेला. तोंड गोल झालं. बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने अर्धं गेलं आणि उरलेलं हलक्या ठोक्याने, म्हणजे जसं जायला हवं तसंच.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर ते परत गेलं असतं. मूळ दुखणं क्लॅम्पचं. भाच्याच्या जीपचा डॅशबोर्ड कधीतरी पत्रा ठोकून दुरुस्त केलेला होता आणि क्लॅम्प आवळला की नळी ओढून एका बाजूला जात होती. खाली बॉक्स चेसिसला पक्का, वर नळी जबरदस्तीने वाकवलेली. मग शाफ्ट सतत बेअरिंगच्या एकाच काठावर घासणार. यावरचा उपाय जुन्या जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच आहे: डॅशबोर्डचा क्लॅम्प सोडा, बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही ढिले करा, कॉलमला स्वतःची जागा घेऊ द्या. मग आधी चेसिसचे बोल्ट आवळा आणि क्लॅम्प जिथे नळी आली आहे तिथे आणा, नळीला क्लॅम्पकडे ओढू नका. आमच्या क्लॅम्पची भोकं लांबट करावी लागली, मध्ये रबराची पट्टी घातली. हात घातलाच आहे तर बॉक्सच्या बैठकीजवळ चेसिसला तडा गेलाय का तेही बघून घ्या.

बॉक्सच्या बाजूचा ॲडजस्टिंग स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. फिरवायचाच तर टायर सरळ ठेवून. कॅम मधोमध घट्ट बसेल असाच कापलेला असतो. टायर पूर्ण वळवून स्क्रू आवळला तर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग अडकतं, आणि सावळ घाटात ते परवडणारं नाही. बॉक्समध्ये गिअर ऑइल घाला. ग्रीस कोंबलं तर ते कॅमच्या कडेला सरकून बसतं आणि कॅम कोरडा पडतो.

नवीन स्प्रिंग, तेच धुतलेलं बेअरिंग, ताजं ग्रीस. पेठ रोडने जाऊन आल्यावर सगळे बोल्ट परत तपासले. चेसिसवरच्या एकाने थोडी आवळणी घेतली. चाक आता वरखाली हलत नाही. भाच्याला सांगितलंय की पुढच्या काचेच्या चौकटीला चढायसाठी एक पाइपचं हँडल बोल्टने बसव, आणि मजुरांना ते दाखव. पाइप माझ्याकडे पडलाय, वाकवून देतो.